वाळलं ते होळीचं

आमच्या अमरावतीच्या घराच्या परसात एक झाड होते. ते दर हिवाळ्यात मरत असे आणि ऊन चांगले तापल्यावर, कोणालाही न कळवता, पुन्हा जिवंत होत असे. मधल्या काळात त्याची उत्तरक्रिया करायला उत्सुक अशी पुष्कळ मंडळी आमच्या घरात आणि गल्लीत होती. त्यांच्या तावडीतून ते एकदा कसे सुटले, ते लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात आहे.

झाड म्हणजे झुडूपच. उभ्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर जाईल एवढे. आम्ही त्याला पांढरी जास्वंद म्हणत असू, पण नेहमीच्या जास्वंदीशी त्याचे नाते लांबच्या चुलतभावाइतकेच. पान तीन बोटांचे, कपाशीच्या पानाचे धाकटे भावंड शोभेल असे. फूल पांढरे, आणि त्याच्या पोटात कुंकवाच्या बोटाएवढा लाल डाग. सकाळी उमलायचे, संध्याकाळी मिटायचे. आणि मिटताना स्वतःला असे घट्ट गुंडाळून घ्यायचे की खाली पडलेले फूल म्हणजे कोणीतरी मांडीवर वळून ठेवलेली वात वाटावी. लाल जास्वंद कोमेजली की लिबलिबीत होऊन फांदीला लोंबत राहते. ही तसे करीत नसे. माझ्या बायकोला तिचा हाच गुण सर्वांत जास्त आवडे. "पाहा कशी आवरून जाते," ती म्हणे.

झाड तिच्या माहेरचे, अचलपूरचे. तिथल्या नवाबी बागेतल्या एका माळ्याने तिच्या आईला त्याची काडी दिली होती. कोणी काबुली व्यापारी ते थंड मुलखातून घेऊन आला, असे तो माळी सांगे. खरेखोटे त्याला ठाऊक. पण थंडी पडली की पाने टाकून द्यायची सवय त्या झाडाने मुलूख बदलला तरी सोडली नव्हती. बायको नांदायला आली तेव्हा तिच्या आईने मुळे फुटलेली एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून, तांब्यात उभी करून तिच्याबरोबर दिली. छकड्यात बसून ती सगळी वाट तो तांब्या मांडीवर धरून आली. माझ्याशी तिचे पहिले बोलणे झाले ते त्या तांब्याबद्दलच. "पाणी सांडू देऊ नका," एवढेच ती म्हणाली.

पुढे तिची आई वारली. निरोप आम्हाला मिळाला तेव्हा सगळे आटोपले होते. आणि त्याच सुमाराला वऱ्हाडात कापसाचे दिवस आले.

त्या दिवसांबद्दल हल्लीची मंडळी फार बोलतात, आणि ज्यांनी ते पाहिले नाहीत ती अधिक बोलतात. गाडीच्या चाकांना लोकांनी चांदीच्या धावा बसवल्या होत्या असे सांगतात. मी तसे चाक पाहिले नाही. पाहिलेला माणूसही मला भेटला नाही. पाहिलेल्या माणसाला ओळखणारे मात्र पुष्कळ भेटले. मी जे पाहिले ते इतकेच, की सात समुद्रांपलीकडे कुठल्याशा मुलखात लोक आपसांत लढत होते, तिकडचा कापूस बंद पडला होता, म्हणून विलायतेतल्या गिरण्या आमच्या काळ्या मातीकडे डोळे लावून बसल्या होत्या. जिथे माती दिसेल तिथे लोक सरकी टोचीत होते. माझ्या मेव्हण्याने अचलपूरच्या घराचे परससुद्धा भिंतीपासून भिंतीपर्यंत नांगरले. राखीला तो आमच्याकडे आला तेव्हा मोठ्या अभिमानाने सांगू लागला.

"आणि आईची जास्वंद?" बहिणीने विचारले.

"काढली. तिची सावली पडत होती पऱ्हाटीवर."

"मुळासगट काढली?"

"मुळासगट. अर्धवट काम मी करत नाई."

 बायकोने त्याला जेवू घातले, राखी बांधली, वाटेला लावले. मग परसात गेली आणि आपल्या झुडपाजवळ बराच वेळ उभी राहिली. आता माहेरचे म्हणावे असे तेवढेच उरले होते.

आमच्या घरात कर्ते म्हणजे माझे काका. आईबाप लवकर गेल्यामुळे काका-काकूंनीच मला वाढवले. काका पूर्वी भिक्षुकी करीत. लग्नमुंजी, सत्यनारायण, पंचांग पाहून देणे. कापसाला भाव आला तसे त्यांनी पंचांग माझ्याकडे सरकवले आणि बाजारात दलालीला उभे राहिले. मी सरकारी शाळेत मास्तर होतो आणि पंचांगावर माझा विश्वास नव्हता. पण कोणाचाच नसताना ते वाचायला कोणीतरी हवे म्हणून मी वाची. काकांचा मात्र जम बसला. त्यांच्या पागोट्याला जर आली, बोटांत अंगठ्या आल्या, आणि आमच्या धाब्याच्या घरात, जिथे उंच माणूस वाकून वावरे, तिथे एक झुंबर आले. ते इतके खाली लोंबे की त्याखाली उभे राहता येत नसे. आलेल्या पाहुण्याला काका दारातूनच "बसा, बसा" म्हणत. लोकांना तो अगत्याचा भाग वाटे.

त्यानंतर काकांच्या मनाने बग्गी घेतली. त्यांच्या बरोबरीचा एक दलाल शेजारच्या गल्लीत राहत असे. त्याने बग्गी मागवली होती. तेवढे कारण पुरे होते. बग्गी आली की तिला उभी करायला बग्गीखाना हवा, आणि परसात मोकळा असा एकच कोपरा होता. त्यात पांढरी जास्वंद होती.

आमच्यात सुनेने सासऱ्याशी, चुलतसासऱ्याशीही, समोरासमोर बोलायचे नाही अशी रीत. ती दाराआड उभी राही, काका ओसरीवर बसत, आणि मध्ये मी. दोघांनाही एकमेकांचे स्पष्ट ऐकू येई. तरी प्रत्येक वाक्य मी पुन्हा म्हटल्याशिवाय ते पोहोचले असे धरत नसत. शाळेत मी मुलांकडून घोकून घेई, घरी माझीच घोकंपट्टी चाले.

"सूनबाईले सांग," काका म्हणाले, "त्या कोपऱ्यात बग्गीखाना येऊन राहिला."

मी सांगितले.

"मामंजीले म्हणा, बग्गी आजून आली नाई. झाड आलेलं हाये."

मी म्हणालो.

"तिले सांग, बग्गी मुंबईहून निघाली."

"म्हणा, येऊ द्या. आली म्हंजे पाहू."

"आन् काय हो," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, कारण काकूंना मध्यस्थाची गरज नसे, "गणपतीले लाल लागते. हे पांढरं फूल कोणाच्या कामाचं?"

"महादेवाले चालते, आत्याबाई," बायको म्हणाली.

"महादेवाले काय, राखही चालते."

"पान कपाशीसारखं, बोंड कपाशीसारखं," काका माझ्याकडे पाहत म्हणाले. "मंग कपाशीच काहून लावत नाई? निदान रुई तं निघंल."

हे शेवटचे मी दाराआड पोहोचवले नाही. तिने ऐकलेच होते.

बग्गी हिवाळ्यात आली. आगगाडीने जिथपर्यंत आणली तिथून पुढे ती बैलगाडीवर चढवून आणावी लागली. एक गाडी दुसऱ्या गाडीत बसून आमच्या दाराशी उतरली आणि सारी गल्ली ते पाहायला लोटली. घोडा मात्र यायचा होता. तोवर बग्गी परसात, उघड्यावर, जास्वंदीसमोर उभी राहिली. आणि जास्वंदीने नेमकी त्याच दिवसांत नेहमीप्रमाणे पाने टाकली.

पौष गेला, माघ गेला. झुडपावर काही राहिले नाही. काड्या, आणि काड्यांच्या टोकांना गेल्या पावसाळ्याची फुटकी, रुई नसलेली बोंडे. काका रोज सकाळी बग्गीवरची धूळ झटकायला परसात जात आणि येताना मला सांगत, "मेलं बरं का ते."

"मामंजीले म्हणा, झोपलं हाये," आतून उत्तर येई.

मी दोन्ही बाजूंचे दोघांना सांगत असे. माझे स्वतःचे मत कोणी विचारले नाही. विचारले असते तर मी म्हणालो असतो की दिसायला तरी ते मेलेच आहे.

फाल्गुन लागला. आमच्याकडे होळीचा एक कायदा होता, अजूनही आहे. गल्लीतल्या पोरांनी कोणाच्याही परसातून वाळके लाकूड पळवावे. मालकाने पाहिले तर शिव्या द्याव्या, मागे धावावे. पण एकदा का ते लाकूड होळीवर पडले की ते होळीचे. मग मालकाने ते परत मागायचे नाही. मागणे म्हणजे देवापुढचा नैवेद्य उचलून आणणे. या कायद्यापायी लोकांच्या बाजांचे पाय गेलेले मला माहीत आहेत, आणि एका सद्गृहस्थांचे तर न्हाणीचे दार गेले. ते शिमगाभर पोते लावून आंघोळ करीत. इंग्रजी अंमलात पुष्कळ नवे कायदे आले. त्यांच्यावर अपील चाले. यावर चालत नसे.

त्या वर्षी होळीतही चुरस आली. शेजारच्या गल्लीतल्या दलालाने आपली होळी देवळाच्या कळसाला पोहोचवणार असे बोलून दाखवले होते. काकांनी पऱ्हाट्यांच्या गाड्याच्या गाड्या ओतल्या. पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली कपाशीची झाडे, त्या वर्षी वऱ्हाडात धान्यापेक्षा जास्त होती. तरी होळी हवी तेवढी उंच होईना. होळीच्या दुपारी पोरे काकांकडे आली. गल्ली त्यांना भाऊ म्हणे.

"भाऊ, आजून काई हाये काय?"

मी त्या वेळी नारळ आणायला बाजारात गेलो होतो. बायको आणि काकू पुरण वाटीत होत्या. काकांनी परसाकडे बोट दाखवले.

"ते वाळलेलं घेऊन जा, पोट्टेहो. कुऱ्हाड तिथीच हाये."

पोरांना खणण्याचा कंटाळा. त्यांनी झुडूप जमिनीलगत तोडले आणि ओरडत नेले. बाहेर त्यांचा आरडाओरडा दुपारपासूनच चालू होता. आत पाट्यावर वरवंटा चालला होता. कोणाला काही कळले नाही.

संध्याकाळी बायका नैवेद्याची ताटे घेऊन होळीपाशी गेल्या. मी काकांबरोबर होतोच. होळीची व्यवस्था आमच्या गल्लीतले म्हातारे पाटील पाहत. चूड त्यांनीच लावायची. त्यांनी चूड पेटवायला घेतली, आणि माझी बायको चालता चालता थांबली. त्या ढिगात सगळ्या काड्या सारख्याच दिसत होत्या, पऱ्हाटी आणि जास्वंद मला तरी वेगळी ओळखता आली नसती. पण तिने बोंडे ओळखली. ती रिकामी, पाच पाकळ्यांची बोंडे.

तिने ताट काकूंच्या हातात दिले, पुढे गेली, आणि ढिगाबाहेर आलेली एक फांदी धरून अंगठ्याच्या नखाने तिची साल खरवडली. सालीखाली हिरवे होते.

"पाटीलबुवा," ती म्हणाली, "वाळलं ते होळीचं ना? हे वलं हाये."

पाटील वाकले. फांदी डोळ्यांजवळ नेली. "वलं तं हाये, पोरी."

"वलं असो का वाळलं," काका पुढे झाले, "पडलं ते पडलं. होळीवरचं काढता येत नाई. शास्त्र हाये ते."

"तेही खरं हाये," पाटील म्हणाले. ते चाळीस घरांच्या मर्जीचे पुढारी. कोणाचेही खरे म्हणत.

"जाऊ द्या ना, भाऊ, एका झुडपाचं काय," मागून कोणी म्हणाले.

"काहून जाऊ द्या?" काका म्हणाले. शेजारच्या गल्लीतली माणसे आमची होळी मोजायला आली होती आणि कोपऱ्यावर उभी होती. त्यांना ऐकू जाईल असे ते बोलत होते. "आज माह्या सुनेचं काढलं, उद्या कोणी आपलं दार मागन. होळीवर पडलं ते होळीचं!"

बायको वळली. मला वाटले, ती माझ्याकडे पाहील, आणि मी काय बोलायचे ते जुळवू लागलो. तिने माझ्याकडे पाहिले नाही. पदर सावरला आणि सरळ काकांकडे पाहून बोलली. लग्न होऊन एवढी वर्षे झाली होती. तिचा आवाज आपल्या अंगावर आलेला काकांनी पहिल्यांदाच ऐकला.

"मामंजी, बराबर बोलले तुमी. होळीवर पडलं ते होळीचं. मी मागत नाई. पण जे होळीवर पडलंच नाई, ते तं होळीचं नाई ना?"

काका गोंधळले. एवढ्या लोकांसमोर उत्तर देणे भाग होते. "नाई," ते म्हणाले.

"मंग मूळ माह्यं हाये. ते भुईत हाये. त्याले पोट्ट्यायनं हात लावू नये, आन् गवंड्यानंही लावू नये."

 पाटील एकदम हसू लागले. "भाऊ, कचेरीत वकील काहून शोधता? घरातच हाये तुमच्या."

लोक हसले. कोपऱ्यावरचे जास्त हसले. काकांना माघार घेता येईना आणि पुढेही जाता येईना. शेवटी त्यांनी दलालाला साजेसा तोडगा काढला. बग्गीखान्याचा पाया अक्षय तृतीयेला घालायचे ठरले होते. "तृतीयेपर्यंत मूळ फुटलं तं राहील तिथी," ते म्हणाले. "नाई फुटलं तं पाया खोदीन." आणि सवयीने माझ्याकडे वळले. "सांग तिले."

"ऐकलं," ती म्हणाली.

तिने काकूंकडून ताट परत घेतले, होळीला हळदकुंकू वाहिले, नैवेद्य दाखवला, नारळ अर्पण केला. सगळे रीतसर. पाटलांनी चूड लावली. पऱ्हाट्या एका झपाट्यात पेटल्या; जास्वंद ओली असल्यामुळे शेवटपर्यंत धुमसत राहिली, आणि धूर वाऱ्याने नेमका काकांच्या तोंडावर येत होता. यात मी देवाचा हात पाहत नाही. वारा त्या वेळी तिकडून होता. दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे होळीचा विस्तव घरी आणून त्यावर आंघोळीचे पाणी तापवले. म्हणजे झुडपाने जाता जाता घरचे कामही केले.

मग वऱ्हाडी चैत्र सुरू झाला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. विहिरीचे पाणी खाली गेले. बायकोने न्हाणीच्या सांडपाण्याचा पाट वळवून खुंटाकडे नेला. खुंट म्हणजे मनगटाएवढे चार-पाच बुंधे, जमिनीतून वीतभरही वर नव्हते. दुपारी त्यांच्यावर ती फुटके टोपले पालथे घाली, संध्याकाळी काढी. शेजाऱ्यांची शेळी येई म्हणून भोवती बोरीच्या काट्या लावल्या.

"खुंटाले न्हाऊ घालून राहिली," काका म्हणत, पण आता हळू आवाजात, आणि मला "सांग तिले" असेही म्हणत नसत.

रोज उजाडताच ती तिथे वाकून पाही. मी शाळेत निघताना विचारी, "काय म्हणते?"

"झोपली हाये."

चैत्र अर्धा झाला तशी ती उत्तर द्यायची थांबली. मीही विचारायचे थांबलो. अशा वेळी चार पुस्तके वाचलेल्या माणसाला वाटते की ग्रंथांत काही सापडेल. मी वनस्पतींच्या गुणांचा एक जुना ग्रंथ काढून पाहिला. जास्वंदीने केस काळे होतात असे त्यात होते. तोडलेली जास्वंद फुटते की नाही याविषयी ग्रंथकर्त्याने मौन पाळले होते.

एका संध्याकाळी टोपले काढताना ती म्हणाली, "आईचा आवाज मले आता आठवत नाई. आठवू म्हटलं तं माह्याच आवाजात बोलते. पण पडलेली फुलं वेचाले ती वाकायची ना, ते दिसते. या झाडापाशी उभी राहिली म्हंजे दिसते. दुसरीकडं नाई दिसत."

 मी टोपले तिच्या हातातून घेतले आणि भिंतीशी ठेवले.

अक्षय तृतीया आली. खुंटावर काही नव्हते. सकाळी गवंडी आला, त्याने खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली. ती बरोबर जास्वंदीवरून गेली. काकूंनी नारळ, फुले, पाण्याचा तांब्या मांडून ठेवला. बायको स्वयंपाकघरात होती आणि बाहेर आली नाही. काका यायचे तेवढे बाकी होते.

काका आले नाहीत. भल्या सकाळी बाजारातून माणूस धावत आला होता आणि ते तसेच, गंधसुद्धा न लावता, त्याच्याबरोबर गेले होते. गवंडी निंबाखाली बसला. त्याने भाकर खाल्ली, एक झोप काढली, उन्हे उतरल्यावर सुतळी गुंडाळली आणि "उद्या येतो जी" म्हणून गेला.

काका आले तेव्हा त्यांचे पागोटे हातात होते. झुंबराखाली ते वाकून न जाता सरळ गेले आणि त्यांच्या डोक्याला लोलक लागून खळखळले. मुंबईहून तार आली होती. त्या दूरच्या मुलखातले लोक लढायचे थांबले होते. ते थांबले ही चांगलीच गोष्ट झाली, मीही तेव्हा तसे म्हणालो. घरात कोणी दुजोरा दिला नाही. कापसाचा भाव बसला तो बसतच गेला. गवंडी उद्या आला नाही, कारण गावातली सगळीच बांधकामे त्या एका दिवसात थांबली होती. तो नारळ काकूंनी थोडी वाट पाहून चटणीत घातला.

ओसरीवर बसले की येणाराजाणारा भाव विचारी, म्हणून काका परसात बसू लागले. परसात बसायला सोयीचे असे एकच आसन होते. ते सकाळी उठून बिनघोड्याच्या बग्गीत जाऊन बसत. पागोटे नाही, अंगरखा नाही. खांद्यावर पंचा टाकून, समोर पाहत. समोर तो खुंट होता. बायको पाणी घालायला येई, पदर पुढे ओढी, पाणी घाली, जाई. काका पाहत राहत. दोघेही बोलत नसत आणि मला मध्ये कोणी बोलावत नसे. खुंट्या तशाच ठोकलेल्या होत्या. पाया घालण्याचे कोणी काढले नाही, पण सोडून दिल्याचेही कोणी बोलले नव्हते. आणि खुंट फुटत नव्हता.

ज्येष्ठ लागायच्या आत केव्हातरी, सकाळची वेळ. मी अंगणात दात घासत होतो. परसातून काकांची हाक आली.

"सूनबाई!"

मी दचकून परसात गेलो. अशी हाक त्या घरात कधी ऐकली नव्हती. बायको पिठाचे हात तसेच घेऊन मागच्या दारात आली आणि तिथे थबकली.

"या ना बाहेर." काका बग्गीतून उतरून खुंटाशी उकिडवे बसले होते. "पाहा. उठली."

एका बुंध्याच्या सालीतून उंदराच्या कानाएवढे, तांबूस हिरवे काहीतरी बाहेर आले होते. शेजारी दुसरे येण्याच्या बेतात होते. आम्ही तिघे वाकून पाहत राहिलो. बायकोने पिठाचा हात पुढे केला आणि मग स्पर्श न करताच मागे घेतला.

"तृतीया तं होऊन गेली, मामंजी," ती जरा वेळाने म्हणाली.

"कोणती तृतीया?" काका म्हणाले. त्यांनी जवळची खुंटी उपटली आणि शेळीसाठी लावलेल्या काट्यांत खोचून दिली.

त्या श्रावणात जास्वंद कधी नव्हे एवढी फुलली. फुले मोठी आली, फांद्या सरळ आल्या. या जातीची झुडपे थंडी संपता संपता छाटायचीच असतात, त्यानेच ती जोमाने फुलतात, हे मला पुढे साहेबाच्या बंगल्यावरच्या एका बागवानाकडून कळले. मी ते काकांना सांगितले.

"मले माहीत होतं," काका म्हणाले.

पुढच्या होळीला पोरांनी बग्गीचे दांडे पळवले. घोडा येणार नव्हता हे गल्लीला आमच्या आधी कळले होते. काकांनी चौकशी केली नाही. "होळीवर पडलं ते होळीचं," काकू म्हणाल्या, आणि त्यावर काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी पुन्हा पंचांग हाती घेतले. झुंबर उतरवले तेव्हा घरात पुन्हा उभे राहता येऊ लागले.

काही वर्षांनी माझी बदली अकोल्याला झाली. बायकोने काडी ओल्या फडक्यात गुंडाळून, तांब्यात उभी करून बरोबर घेतली. या वेळी आगगाडीतून. त्याच सुमाराला मेव्हणा अचलपूरहून आला. कपाशीने त्याचे परस कधीच सोडले होते. तो बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला आणि जाताना म्हणाला, "ताई, एक काडी देशील काय?" तिने दिली. "थंडीत पानं गळतीन," ती म्हणाली. "तवा अर्धवट काम करजो. मुळासगट काही काढजो नको."

काकू गेल्यावर काका आमच्याकडे अकोल्याला राहायला आले. जास्वंद परसात होती. ते तिच्याजवळ बाज टाकून बसत. बायको आणि ते आता सरळ बोलत, कधी कधी तर मला बाजूला ठेवून. फाल्गुनात अकोल्याची पोरे दारात यायची. पोरे सगळीकडची सारखीच.

"आजोबा, ते वाळलेलं झाड नेऊ काय?"

काका हातानेच त्यांना जवळ बोलावीत. बसल्या जागेवरून बुंधा पकडीत आणि अंगठ्याच्या नखाने साल खरवडीत.

"पाहा बरं. काय दिसते?"

"हिरवं."

"मंग? मेलं काय? बयताड कुठले. झोपलं हाये ते."

पोरे गेली की दुसरी येत, आणि काका पुन्हा खरवडीत. वाटेने जाणारा कोणी ओळखीचा सापडला तर त्यालाही बोलावून दाखवीत. आतून बायको म्हणे, "मामंजी, किती खरडसान? राहीन काय ते?"

"पटत नाई ना लोकायले," काका म्हणत.

काका जाऊन आता बरीच वर्षे झाली. जास्वंद आहे. दर फाल्गुनात, हिवाळा सरताना, बायको ती स्वतः छाटून घेते, आणि छाटलेल्या फांद्या पोरांना बोलावून होळीसाठी देते. बुंधा तेवढा ती कधी छाटत नाही. त्याच्यावर सालीला जुने वण आहेत, भरून आलेले, नखाएवढे, एकाखाली एक. बाजेवर बसलेल्या माणसाचा हात जिथे पोहोचेल, बरोबर तेवढ्या उंचीवर.